जागा हळूहळू सरकते तेव्हा: ठाणे-नवी मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी ‘अतिक्रमण’ कसं ओळखावं, कसं लिहावं

ठाण्यात किंवा नवी मुंबईत नवं घर घेतलं की वर्षभरात एक गोष्ट हमखास वाट्याला येते. लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत कुणाचा तरी चपलांचा रॅक येतो. रॅकवर कुंड्या येतात. गणपती झाले की रॅकशेजारी जुनं कपाट येतं, त्याला कुलूप लागतं. तळमजल्यावरचं दुकान आधी पायरीवर खोकी ठेवतं, पावसाळ्यात ताडपत्री बांधतं, दिवाळीपर्यंत ताडपत्रीच्या जागी पत्रा येतो आणि पुढच्या पावसाळ्याआधी पत्र्याखाली लाद्याही बसतात. यातल्या एकाही दिवशी भांडावं असं काही घडलेलं नसतं.

मग कधीतरी डोकं फिरतं आणि आपण अर्ज लिहायला बसतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे असे अर्ज मी बरेच वाचते, दुरुस्त करून देते. त्यातले पुष्कळसे शब्दावर अडकतात. कपाटाला ‘अनधिकृत बांधकाम’ म्हटलेलं असतं आणि पक्क्या भिंतीला ‘त्रास’. अर्ज ज्या टेबलावर जातो तिथला माणूस शब्द वाचून ठरवतो की हे आपलं काम आहे की नाही. म्हणून नव्याने आलेल्यांनी आधी शब्द नीट समजून घ्यावा आणि मग पेन उचलावं.

पायरी १. क्रियापदाचा स्वभाव ओळखा

‘अतिक्रमण’ या शब्दात ‘क्रम्’ हा धातू आहे, पाऊल टाकणे या अर्थाचा. ‘अति’ म्हणजे पलीकडे. पाऊल हद्दीपलीकडे पडलं, एवढंच तो शब्द सांगतो. त्याचा भाऊ ‘आक्रमण’ वेगळ्या स्वभावाचा आहे. आक्रमण म्हणजे चाल करून जाणं. ते दिसतं, त्याचा आवाज होतो, समोरचा सावध होतो. अतिक्रमणाला आवाज नसतो. त्यामुळे ‘शेजाऱ्यांनी पार्किंगवर आक्रमण केले आहे’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला मारामारीची तक्रार वाटते.

गावाकडे याच गोष्टीला फार नेमकं क्रियापद आहे: बांध कोरणे. दर हंगामात नांगराचं एक तास, म्हणजे एक चर, शेजाऱ्याच्या बाजूला जास्त घ्यायचं. वीतभर, कधी चार बोटं. काही वर्षांनी बांध पायवाटेएवढाही उरत नाही आणि भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी आणावी लागते. साताऱ्याहून किंवा जळगावहून इकडे नोकरीला आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. इथे बांध नसतो. इथे पॅसेज असतो, स्टिल्ट म्हणजे इमारतीखालची खांबांवरची पार्किंगची जागा असते, इमारतीच्या चारही बाजूंना सोडलेली मोकळी जागा असते. कोरण्याची रीत मात्र तीच.

वाक्यात वापरताना दोन रचना लक्षात ठेवा. जागा किंवा हक्क असेल तर ‘वर’ येतो: पदपथावर अतिक्रमण, सामाईक जागेवर अतिक्रमण, सभासदांच्या हक्कांवर अतिक्रमण. मर्यादा असेल तर ‘चे’ येतं: मर्यादेचे अतिक्रमण. ‘मर्यादेवर अतिक्रमण’ कानाला खटकतं, कारण मर्यादा ओलांडायची असते. तिच्यावर कुणी जाऊन बसत नाही.

आता क्रियापदाचं रूप. ‘अतिक्रमण झाले आहे’ असं लिहिलं की करणारा गायब होतो. कुणी केलं हे माहीत नसेल तेव्हा हे रूप प्रामाणिक आहे. माहीत असेल तर ‘केले आहे’ लिहा. आणि काम अजून चालू असेल, विटा पडल्या आहेत, गवंडी आला आहे, तर ‘होत आहे’ लिहा. चालू काम थांबवणं आणि झालेलं काम पाडणं यांत कार्यालयाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक असतो. ‘होत आहे’ या दोन शब्दांनी तो फरक पहिल्याच ओळीत कळतो.

पायरी २. बोलण्यातले शब्द कागदापासून लांब ठेवा

या विषयावर मराठीची श्रीमंती अफाट आहे. हातपाय पसरणे, बळकावणे, लाटणे, हडपणे, घशात घालणे, डोक्यावर बसणे. जिन्यात उभं राहून बोलताना हे सगळे चालतात. कागदावर प्रत्येकाचं वजन वेगळं होतं. ‘बळकावणे’ म्हणजे जोर लावून पूर्ण ताबा घेणं. कपाट ठेवणाऱ्याने तसं केलेलं नसतं, म्हणून तुमचं म्हणणं पहिल्याच वाक्याला खोटं ठरू शकतं. ‘घशात घालणे’ आणि ‘लाटणे’ यांत लबाडीचा आरोप येतो. तो सिद्ध करायची जबाबदारी मग तुमच्यावर.

‘सोकावणे’ आणि ‘शेफारणे’ या दोघांत लोक गल्लत करतात. लाडामुळे, कुणी कौतुक केल्यामुळे माणूस शेफारतो. सोकावतो तो कुणी अडवलं नाही म्हणून. ‘म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो’ या म्हणीत अतिक्रमणाचं अख्खं शास्त्र आहे: एका कपाटाचं कुणाला काही नसतं, पण ते चाललं हे बघून चौथ्या मजल्यावर दुसरं येतं. सभेत ही म्हण जरूर वापरा. ओसरीची म्हण मात्र टाळा. तिच्यात जात येते आणि चर्चा जागेवरून माणसांवर घसरते.

आणखी एका ठिकाणी हा शब्द वापरायच्या आधी थांबा, आणि हे मी नव्याने आलेल्यांना कळकळीने सांगते. घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे, सारसोळे अशा गावठाणांतल्या दाटीवाटीच्या घरांकडे बोट दाखवून ‘सगळं अतिक्रमण आहे’ असं म्हणायची फार सवय लागली आहे. नवी मुंबई ९५ गावांच्या जमिनींवर उभी राहिली. १७ मार्च १९७० रोजी सिडको, म्हणजे हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झाली आणि आगरी-कोळी शेतकऱ्यांची भातशेती, मिठागरं संपादित झाली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरात आंदोलन झालं, गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली, म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. कुटुंबं वाढली तशी गावात आणि गावाभोवती घरं वाढली. त्यांना इथे ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात. त्यांच्या कायदेशीरपणाचा प्रश्न सरकारदरबारी आहे आणि तो गुंतागुंतीचा आहे. पण ज्यांच्या जमिनीवर तुमची-माझी इमारत उभी आहे, त्यांना जाता-येता ‘अतिक्रमण करणारे’ म्हणणं हा त्या शब्दाचा चुकीचा वापर आहे.

फेरीवाल्यांचंही थोडं तसंच. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्री प्रमाणपत्र असलेल्या माणसाला ठरलेल्या जागी बसायचा हक्क दिला आहे. आधी प्रमाणपत्र आणि जागा बघा, मग शब्द निवडा.

पायरी ३. जागा कुणाची, हे कागदावर बघा

हद्दच माहीत नसेल तर ती ओलांडली हे कशावरून? ‘हे तर सगळ्यांचंच आहे’ हे उत्तर चालत नाही. मंजूर नकाशा मिळवा. सोसायटीच्या समितीकडे नसेल तर ठाण्यात महापालिकेच्या शहर विकास विभागाकडे, नवी मुंबईत नगररचना विभागाकडे माहिती अधिकारात प्रत मागता येते. अर्जाला १० रुपये शुल्क आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत. नकाशात पॅसेजची रुंदी, पार्किंगच्या जागा, रेफ्यूज एरिया (आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा), इमारतीभोवतीची मोकळी जागा सगळं मापासह असतं. टेप घेऊन जा आणि स्वतः मोजा.

नवी मुंबईत आणखी एक कागद लागतो: सिडकोचा भाडेपट्टा. बहुतेक भूखंड सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेले असल्याने भूखंडाची हद्द आणि वापर त्यात लिहिलेला असतो. सेक्टरमधल्या बैठ्या घरांपुढे ओटला वाढवत नेऊन वर छप्पर टाकलेलं दिसतं, तिथे घराची हद्द कुठे संपते हे याच कागदावरून कळतं.

स्टिल्टच्या पार्किंगबद्दल एक गैरसमज अजून जिवंत आहे: ‘बिल्डरने मला विकलं आहे.’ सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पांचाली सोसायटीच्या खटल्यात स्पष्ट केलं की मोफा, म्हणजे बिल्डरच्या सदनिका विक्रीला नियम घालणाऱ्या राज्याच्या कायद्याखाली स्टिल्ट ही सामाईक जागा आहे, विकासक ती वेगळी विकू शकत नाही. वाटप सोसायटी करते.

पायरी ४. शब्द निवडा, टेबल आपोआप ठरेल

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

रस्ता, पदपथ, नाला, उद्यान अशा सार्वजनिक जागेवर काही आलं असेल तर ‘अतिक्रमण’ हाच शब्द. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम २३१ प्रमाणे रस्त्यावर अडथळा करणारी वस्तू आयुक्त नोटीस न देताही हटवू शकतात. अर्ज ठाण्यात प्रभाग समितीच्या कार्यालयात द्यायचा: नौपाडा-कोपरी, उथळसर, वर्तकनगर, माजिवडा-मानपाडा, कळवा वगैरे. नवी मुंबईत विभाग कार्यालयात: बेलापूर, नेरुळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, दिघा.

इथे नवे लोक हटकून चुकतात. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या भागांना बोलताना आपण नवी मुंबईच म्हणतो, पण हे भाग २०१६ साली झालेल्या पनवेल महापालिकेत येतात. उलवे आणि द्रोणागिरी कुठल्याच महापालिकेत नाहीत. तिथे नियोजन प्राधिकरण म्हणून सिडको. पत्ता चुकला की अर्ज ‘आपल्या कार्यक्षेत्रात येत नाही’ असा शेरा घेऊन परत येतो आणि तोवर महिना गेलेला असतो.

भिंत, स्लॅब, पोटमाळा, बंद केलेली गच्ची, म्हणजे सिमेंट-विटांचं किंवा लोखंडाचं काम असेल तर ‘विनापरवानगी बांधकाम’ किंवा ‘अनधिकृत बांधकाम’ लिहा. हे माणसाच्या स्वतःच्या जागेतही असू शकतं. म्हणजे प्रत्येक अनधिकृत बांधकाम अतिक्रमण नसतं आणि प्रत्येक अतिक्रमण बांधकाम नसतं. इथे १९४९ च्याच अधिनियमातलं कलम २६० आणि नगररचना अधिनियम १९६६ मधलं कलम ५३ लागतं. नोटीस, म्हणणं ऐकणं, मग कारवाई असा तो रस्ता आहे. वेळ लागतो, हे गृहीत धरा.

जिना, पॅसेज, रेफ्यूज एरिया यांत सामान असेल तर माझा सल्ला: मुख्य शब्द ‘अडथळा’ घ्या आणि मुद्दा आगीचा मांडा. आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ प्रमाणे इमारतीची आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. त्या तपासणीच्या आधी पत्र गेलं तर कपाट हलण्याची शक्यता बरीच वाढते. शिवाय ‘तुमच्या कपाटामुळे स्ट्रेचर वळत नाही’ हे ऐकून वाद घालणारा माणूस विरळा.

दुसऱ्याच्या ठरलेल्या जागेवर गाडी, गच्चीला स्वतःचं कुलूप, सोसायटीच्या खोलीत खासगी सामान: हा ‘सामाईक जागेचा अनधिकृत वापर’. यासाठी महापालिकेचं कुणी येणार नाही. आधी सोसायटी; मग वादाच्या स्वरूपाप्रमाणे सहकारी संस्थांचे उपनिबंधक किंवा सहकार न्यायालय. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमातलं कलम ९१ हे त्यासाठीचं. आदर्श उपविधींमध्ये कुठली तक्रार कुठे न्यायची याची विभागणी दिलेली आहे. सोसायटीकडे पुस्तिका असते, ती मागून घ्या.

खाडीकडेला रात्री डंपर येऊन डेब्रिज टाकत असतील तर ‘कांदळवनात भराव’ असे शब्द हवेत. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि महापालिका, दोन्हीकडे प्रत द्या.

पायरी ५. आधी तोंडी बोला

बोलताना ‘अतिक्रमण’ हा शब्दच काढू नका. तो कार्यालयाचा शब्द आहे, दारात उभं राहून उच्चारला की नोटीस वाटतो. वस्तूचं नाव घ्या आणि काय हवं ते सांगा.

“काका, एक विनंती होती. हा रॅक तेवढा आत घ्याल का? काल आईला व्हीलचेअरवरून आणताना वळवायला फार त्रास झाला.”

“अगं, दोन दिवसांचीच गोष्ट आहे. सुतार येणार आहे.”

“हो का? मग रविवारी बघते परत. काही हलवायला मदत लागली तर सांगा, दादाला पाठवते.”

यात ‘रविवारी’ हा शब्द महत्त्वाचा. ‘दोन दिवस’ला तुम्ही वार दिलात. घरी आल्यावर काकांना व्हॉट्सॲपवर एक साधा निरोप टाका: ‘रॅक रविवारपर्यंत आत घेताय म्हणालात, आभारी आहे.’ कडवटपणा न येता तारीख नोंदली जाते. आणि एक फोटो काढून ठेवा, मापाची टेप दिसेल असा.

‘असू दे हो, राहू दे’ हे मात्र तोंडातून जाऊ देऊ नका. आपल्याकडे भिडेखातर सहज म्हटलं जातं. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम ६० सांगतं की तुमच्या परवानगीच्या भरवशावर समोरच्याने कायम स्वरूपाचं काम केलं आणि त्यासाठी खर्च केला, तर परवानगी मागे घेता येत नाही. ताडपत्रीला ‘असू दे’ म्हटलं आणि पत्रा, लाद्या झाल्यावर जागं झालं की समोरचा नेमकं हेच पुढे करतो. परवानगी द्यायचीच असेल तर लेखी द्या, मुदत घाला आणि ‘कोणतेही कायम काम करू नये’ हे वाक्य घाला.

पायरी ६. पत्र लिहा

पत्रात चार गोष्टी हव्यात: कुठे, किती, कधीपासून, काय हवं. राग पाचवा, तो घरी ठेवा. नमुना असा:

‘मा. सचिव, विषय: तिसऱ्या मजल्यावरील सामाईक पॅसेजमधील अडथळा दूर करण्याबाबत. महोदय, मंजूर नकाशाप्रमाणे सदर पॅसेजची रुंदी १.५० मीटर आहे. सदनिका क्र. ३०२ च्या दारालगत ठेवलेल्या लाकडी कपाटामुळे प्रत्यक्षात १.०५ मीटर रुंदी उरते. गणेशोत्सवानंतर सदर कपाट ठेवण्यात आले असून त्यास कुलूप लावले आहे. तोंडी विनंती करण्यात आली आहे. सदर कपाट १५ दिवसांत हटविण्याबाबत संबंधितांस लेखी कळवावे व केलेल्या कार्यवाहीची माहिती मला द्यावी, ही विनंती. सोबत: नकाशाची प्रत, मोजमापासह छायाचित्रे.’

बघा, यात ‘अतिक्रमण’ एकदाही आलेलं नाही, तरी ४५ सेंटिमीटरचा हिशोब आला. हाच अर्ज पदपथावरच्या पत्र्यासाठी लिहाल तेव्हा विषयातच ‘पदपथावरील अतिक्रमण हटविण्याबाबत’ असं घाला आणि ठिकाण दुकानाच्या नावाऐवजी सर्वे क्रमांक, सेक्टर-भूखंड क्रमांक किंवा जवळच्या चौकावरून सांगा. दुकानाची पाटी बदलते, भूखंड क्रमांक बदलत नाही.

दोन प्रती न्या. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तर शांतपणे म्हणा, “साहेब, पोच तेवढी द्या.”

पायरी ७. घड्याळ कुणाच्या बाजूने आहे, ते ओळखा

अतिक्रमणाचं भांडवल म्हणजे वेळ. मुदतीचा कायदा १९६३ मधल्या अनुच्छेद ६५ प्रमाणे खासगी स्थावर मालमत्तेचा ताबा परत मिळवण्याच्या दाव्याला १२ वर्षांची मुदत आहे, आणि ती समोरच्याचा ताबा तुमच्या हक्काविरुद्ध होतो तेव्हापासून मोजतात. सरकारी जमिनीसाठी सरकारला ३० वर्षं. याचा अर्थ १२ वर्षं पॅसेजमध्ये कपाट ठेवलं की पॅसेज त्याचा झाला, असा मुळीच नाही. ताबा उघड, अखंड आणि मालकाच्या हक्काला आव्हान देणारा होता हे त्याला सिद्ध करावं लागतं. तुमची दर वर्षीची पत्रं तेव्हा कामी येतात: तुम्ही हक्क सोडला नव्हता, हे ती दाखवतात. पण नुसत्या पत्रांनी मुदत थांबत नाही, म्हणून दाव्याचा निर्णय लांबवत बसू नका.

तुमच्या ताब्यातली जागा कुणी अचानक हिसकावून घेतली असेल तर दुसरा, जवळचा रस्ता आहे. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा केला तर मालकीच्या वादात न शिरता ताबा परत मागता येतो. मात्र सहा महिने म्हणजे सहा महिने. समितीच्या पुढच्या सभेची वाट बघण्यात तीन निघून जातात. अशा वेळी वकील पहिल्या आठवड्यात गाठा.

पायरी ८. सुटलं की नोंद करा

बहुतेक प्रकरणं न्यायालयापर्यंत जात नाहीत. दुसऱ्या पत्रानंतर, कधी ‘ब’ नमुन्याच्या तपासणीच्या आदल्या दिवशी, कपाट मुकाट्याने आत जातं. त्या दिवशी रिकाम्या पॅसेजचा फोटो काढा, पुन्हा टेप लावून. काकांना भेटून आभार माना. समितीला दोन ओळी लिहून कळवा: ‘संबंधित सभासदांनी सदर कपाट स्वतःहून हटविले असून पॅसेजची रुंदी पूर्ववत १.५० मीटर झाली आहे.’ ‘स्वतःहून’ हा शब्द त्यात असू द्या. शेजारी पुढेही शेजारीच राहणार आहेत. हे पत्र पुढच्या सभेत वाचून इतिवृत्तात घ्यायला सांगा, म्हणजे तुमच्यानंतर येणाऱ्या समितीला नव्याने मोजायला बसावं लागणार नाही.